दुय्यम चोपदार

पांढरा अंगरखा, लाल पट्टा,
पगडी आयती बांधलेली, टोपीसारखी
काढून खुंटीला लावायची.
पगारपत्रकात मी शिपाई, मढवी ज. का.
सभागृहात मात्र दुय्यम चोपदार.

राजदंड केणींच्या हातात.
हरेश्वर केणी, राहणार चेंदणी,
सव्वीस वर्षं महापौरांच्या चार पावलं पुढे.
चारच. तीन म्हणजे सलगी,
पाच म्हणजे मिरवणूक.
मी डाव्या अंगाला, हात रिकामे.
ते रिकामे हात नीट धरायला
मला सात महिने लागले.

माझी कामं म्हणाल तर
दर सोमवारी रांगोळी आणि जुन्या धोतरानं दंड घासणे,
त्याची मखमल गच्चीवर उन्हात टाकणे,
कचराळी तलावाचे कावळे हाकलणे,
महापौरांच्या खुर्चीच्या चाकात तेल,
आणि केणींचा घसा बसलाच कधी, तर म्हणून
आरोळी पाठ ठेवणे.
मी ती म्हणायचो हेल्मेटच्या आत,
कोपरीच्या पुलावर, सकाळी साडेनऊला.
माननीय महापौर येत आहेत.
कुणी वाट देत नसे.

केणींचा घसा कधी बसला नाही.

मग ती पाण्यावरची सभा.
दिव्याच्या सुगंधा भगत उठल्या,
तीन वेळा बोलू दिलं नाही,
चौथ्यांदा बोलल्याच नाहीत.
सरळ पायऱ्या चढून आल्या, दंड उचलला,
कडेवर घेतला हंड्यासारखा
आणि निघाल्या.
केणी जागचे हलले नाहीत. जिथे दंड नाही
तिथे चोपदारानं काय करायचं
हे कुठल्याच परिपत्रकात नाही.
त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.
मी धावलो.

पण लोकप्रतिनिधीच्या अंगाला हात लावता येत नाही.
म्हणून मी मागे धावत राहिलो, अंतर राखून,
मजला उतरलो, झेरॉक्सवाला ओलांडला,
पगडी कुठे पडली ते अजून माहीत नाही.
जिन्याच्या वळणावर त्या बसल्या. धाप लागलेली.
"जरा धर रे," म्हणाल्या, पदर सावरायला.

असा तो पहिल्यांदा माझ्या हातात आला,
घासायला नव्हे, धरायला.
हलका होता. आत पोकळ.
घासताना कधी जाणवलं नव्हतं.

"आता कुठे नेऊ हा?" त्यांनीच विचारलं.
पळवायचं ठरलं होतं, पुढचं ठरलं नव्हतं.
मी म्हणालो, बाई, वर.
आणि चालायला लागलो. त्या मागून.
सभागृहाच्या दारात लक्षात आलं,
आमच्यात बरोबर चार पावलं होती.
बसलेल्यांतले दोघे-तिघे सवयीनं उभे राहिले
आणि मग ओशाळून बसले.

मला मेमो मिळाला. खुलासा मागवला.
मी लिहिलं : दंड सुस्थितीत परत आणला.
केणींनी तो वाचला, "अंतर" एवढंच म्हणाले,
आणि चार बोटं दाखवली.
शाबासकी होती की दम, कोण जाणे.
वर्षभरात ते निवृत्त झाले.

आता सभा नाही, महापौर नाही. प्रशासक आहेत.
ते मागच्या लिफ्टनं येतात.
दंड कपाटात, किल्ली माझ्या स्कूटरच्या किल्लीला अडकवलेली,
अंगरखा सैल होता, आता घट्ट होतो.
मी आवक-जावक खिडकीवर बसतो.
अर्ज घेतो, शिक्का मारतो, टोकन पुकारतो.

परवा बाकावर सुगंधाबाई होत्या.
माजी. केस पिकलेले, मांडीवर अर्ज,
विषय : पाणीपुरवठा, अनियमित.
मला ओळखलं नाही. पगडीशिवाय
मला कुणीच ओळखत नाही.
टोकन एक्केचाळीस.

मी उभा राहिलो. घसा खाकरला.
सव्वीस वर्षं उसना ऐकलेला तो आवाज
कुठून तरी आला, छतापर्यंत गेला.
"क्रमांक एक्केचाळीस येत आहेत."

पंख्याखालचा एक म्हातारा ताडकन उठला.
फोनवरची मुलगी गप्प झाली.
आतून साहेबांनी विचारलं, काय झालं?
काही नाही, सर, म्हणालो,
आणि शाईचा पॅड उघडला. कोरडा होता.