दर किती महिन्यांनी

फॉर्मवर एक रिकामी चौकट आहे:
कॅलिब्रेशनचं अंतर, पुढे रेघ, पुढे महिने.
दुपारपासून ती माझ्याकडे बघते आहे.

मिरजोळ्याच्या या शेडमध्ये आम्ही व्हॉल्व्ह तपासतो,
बोटींवरच्या गॅसचे, पितळी, मुठीत मावणारे.
बाकावर दोन गेज,
एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून आलेले.
दोन नंबर खिडकीपाशी.
त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, नुसता येतो;
स्क्रूच्या डोक्यांवर बसतो, कुलपात शिरतो,
मयेकरबाईंच्या चष्म्याच्या दांडीवर
हिरवा होऊन राहतो.

पुस्तिका म्हणते, बारा महिने.
लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं
इथे मिठाच्या बरणीत तांदूळ घालून ठेवतात.

फणसोपकर साहेबही म्हणतात, बारा.
गेज कोल्हापूरला गेला की आठ दिवस लाइन अर्धी,
शिवाय आंबा घाटात जे हादरे बसतात
ते कोण मोजणार?
हेही खोटं नाही.

जुनी सर्टिफिकेटं काढली. टाचणी गंजून कागदाला चिकटलेली.
एक नंबर तीन वर्षं जागच्या जागी.
दोन नंबर: शून्य पूर्णांक एक. पुन्हा एक. मग तीन.
गेल्या जूनमध्ये नऊ,
आणि नऊपुढे लाल शिक्का.

शिक्क्याला तारीख होती.
काटा सरकला त्या दिवसाला नव्हती.
म्हणून आम्ही चलनं उलटत मागे मागे गेलो,
मिरकरवाडा, हर्णै, नाटे,
नऊशे चाळीस व्हॉल्व्ह,
प्रत्येकाच्या पुढे एक शेगडी
आणि तिच्यावर कुणाचा तरी भात.
बोटी वर ओढलेल्या होत्या म्हणून सापडले.
एकोणीस सोडून.

चौकट मला पुढचं विचारतच नाही.
ती विचारते: चूक निघाली तर
मागे किती दिवस चालत जाशील?

स्टोअरला कुलूप लावता लावता गोताडकाका म्हणाले,
"काटा खोटा बोलत नाय गो. दमतो."

दोन नंबर खिडकीपासून हलवला.
कपाटात तिसरा गेज ठेवला, कुणी कामाला घ्यायचा नाही असा.
रोज सकाळी, चहाच्या आधी,
दोघांनी त्याच्यासमोर उभं राहायचं.
मग चौकटीत लिहिलं,
एक नंबर, बारा.
दोन नंबर, तीन.

साहेबांनी सही करताना विचारलं, पेन्सिलनं का?
म्हटलं, तीनदा नीट परत आला तर पाच करू.
नाही आला तर दोन.
ते काही बोलले नाहीत. सही मात्र पेननं केली.

बाहेर नाट्याची गाडी भरते आहे.
खोक्यांवर हल्ली एक ओळ जास्त असते,
कुठल्या काट्यावर तपासलं, त्याची.
मयेकरबाई ती चष्मा काढून लिहितात,
अक्षर मोठं, जरा तिरकं.

एकोणीस अजून मिळायचे आहेत.