पावणेपाचचं पाणी

जिवराजभाईंच्या गिरणीवरचा माळा
मी भाड्यानं घेतलाय, महिना साडेसहा हजार.
खाली ज्वारी, वर बातम्या.
संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पांढरा थर बसतो
आणि मी फुंकर मारून 'क' शोधते.

एकवीस वर्षं मोठ्या पेपरात होते.
तिथं जाहिरातवाले दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या.
लिफ्टमध्ये भेटलो तर उकाड्याबद्दल बोलायचो.
आता दोन्ही मजले एकाच खुर्चीत:
सकाळी वार्ताहर, दुपारी वसुली,
रात्री जीएसटीचा पासवर्ड विसरलेली बाई.
कार्ड छापताना बाबू पेडामकरनं विचारलं,
संपादक टाकू की प्रोप्रायटर?
म्हटलं, दोन्ही.
म्हणाला, मग अक्षर बारीक करावं लागेल.

एका सत्कारात 'नवउद्योजक' म्हणाले.
शाल दिली, नारळ दिला.
शालीनं हप्ता फिटत नाही.
नारळाची चटणी दोन दिवस पुरली.

भांडुप ते नाहूर, वर टेकडीपर्यंत,
चार पानं, दर रविवारी फोनवर.
वर्गणीदार चारशे सत्तावीस, महिना नव्वद रुपये.
तुळसकरांकडून मात्र रोख येतात, पाकिटात,
त्यावर काकूंच्या अक्षरात 'पेपर',
दूध आणि केबलच्या पाकिटांमधलं.

मार्चमध्ये मेघदीप हाइट्सचा माणूस माळा चढून आला.
वर्षभराची जाहिरात. तीन लाख. आगाऊ.
टेबलावर त्याच्याच टॉवरची फाइल होती:
बावीस मजले, आग विझवायची पाइपलाइन
कागदावर चढलेली, भिंतीवर नाही.
त्यानं चहा घेतला, कप फाइलवरच ठेवला.
गोल डाग अजून आहे.

खरं सांगते, मी लगेच 'नाही' म्हटलं नाही.
त्या रात्री मी तीन लाख पूर्ण खर्चले:
परवीनचा थकलेला पगार,
आईचा मोतीबिंदू,
लॅपटॉप,
माळ्याला एक पंखा.
पहाटे हिशेब शून्यावर आला, मग डोळा लागला.

रविवारी बातमी गेली.
फोटो परवीनचे: जिन्यातले रिकामे हुक, मजल्यामागून मजला.
मी फोन हातात धरून बसले.
वकिलाचा येईल, नगरसेवकाचा येईल,
निदान चौथ्या मजल्यावरच्या एखाद्या जुन्या मित्राचा.

पहिला आला तुळसकर काकूंचा.
"पान दोनवर पाणी साडेपाचला छापलंत.
पावणेपाचला आलं नि गेलं.
तुमच्या भरवशावर मी झोपले. पिंप कोरडं."
काकू, टॉवरचं वाचलंत?
"वाचलं. ते असेल बरोबर.
पाणी चुकलं."

एकवीस वर्षांत
माझ्या चुकीनं कुणाचं पिंप कोरडं राहिल्याचं
कुणी मला कळवलं नव्हतं.
तिथं चुकीची दुरुस्ती निघायची आठव्या पानाच्या तळाशी,
पंचांगाला खेटून.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत:
पाण्याची वेळ पहाटे पावणेपाच. चूक आमची.
परवीन म्हणाली, एवढं मोठं? टॉवरच्याही वर?
खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरू लागलं.
मी मान हलवली
आणि ओरडून सांगितलं, कारण ऐकू जात नव्हतं:
वर!