बसायला मिळतं

बोगोतात रस्त्यांना नावं कमी, आकडे जास्त.
माझं दुकान सदुसष्टाव्या रस्त्याच्या पुलाखाली:
एक ताडपत्री, पान्यांचा डबा, पाण्याचं घमेलं
आणि हवेचा पंप. हवेचे पैसे मी घेत नाही.
इतक्या उंचावर ती आधीच विरळ,
त्यात आणखी विकायची कशी?

पहाटे साडेचारला पहिली येते नुबिया चितिवा.
दक्षिणेच्या उतारावर, गिलावा न झालेल्या विटांच्या घरातून निघते,
उत्तरेला दातांच्या दवाखान्यात फरशी पुसायला.
मधे एक भुयारी रस्ता आहे, दिवे गेलेला.
तिथे ती एकटी शिरत नाही.
तोंडाशी पाय टेकून उभी राहते
मागून चार अनोळखी घंट्या येईपर्यंत,
मग पाचजण एकदम आत, पाचजण एकदम बाहेर,
आणि कुणी कुणाचं नाव विचारत नाही.

मी तिच्या साखळीला दोन थेंब तेल सोडतो.
ती थर्मासातून गुळाचं गरम पाणी ओतते.
हिशेब मिटला.

मग उजाडतं, आणि सुरू होते रांग.
पाठीला करवत बांधलेला सुतार,
रात्रपाळीहून परतणारा, गणवेशातच पेंगणारा पहारेकरी,
शाळेच्या मोज्यातली पोर, बापाच्या मागे उभी,
त्याच्या कानांना लगामासारखं धरून.
चकचकीत कपडेवाले यात नसतात. ते रविवारी येतात,
गाड्यांना रस्ते बंद असतात तेव्हा,
अख्खं शहर फिरायला निघतं तेव्हा.
रविवारचं कौतुक सगळ्यांनाच.
मला मंगळवार आवडतो.

विल्मर टॅक्सीवाला मात्र धुसफुसायचा.
पट्टी आखली तेव्हा म्हणाला, आमचा रस्ता खाल्ला यांनी.
मी म्हटलं, थांब, मोजू.
एक सिग्नल सुटला:
त्याच्या रांगेतून नऊ गाड्या गेल्या, माणसं अकरा.
पट्टीतून गेली एकेचाळीस, आणि एक कुत्रा, टोपलीत.
तो म्हणाला, तुला कामधंदा नाही.
महिन्याभराने पोराची सायकल घेऊन आला,
मान खाली, चाक बसलेलं.
मी एक शब्द बोललो नाही. पंक्चर काढलं.
पैसे मात्र पूर्ण घेतले.

परवा महापालिकेचा एक पोरगा आला, यसिद नावाचा,
हातात पाटीएवढा टॅब्लेट, नाकाला थंडीने पाणी.
नुबियाला म्हणाला, बाई, एकच प्रश्न.
सायकल का चालवता?
पर्यावरण, आरोग्य, बचत, वेळ. एकावर बोट ठेवा.
ती विचारात पडली.
मला वाटलं बचत म्हणेल, भाडं काय कमी आहे का?
किंवा वेळ. बसने दोन तास, सायकलने सव्वा.
ती म्हणाली,
बसायला मिळतं.

यसिदने पुन्हा विचारलं.
तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं:
अकरा वर्षं मी कामावर उभ्याने गेले,
दिवसभर उभ्याने पुसलं, उभ्याने घरी आले.
आता जाताना बसते, येताना बसते.
माझी जागा आहे. तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही.

पोराने वरून खाली यादी पाहिली, खालून वर पाहिली.
शेवटी 'इतर'वर टिचकी मारली.

ती निघणार होती. मी म्हटलं, थांब जरा.
तिची गादी दीड वर्षापासून फाटलेली,
आतला स्पंज पावसाने फुगून कुजलेला.
मी ती उतरवली, जुन्या ट्यूबचा तुकडा कापला,
ताणून बसवला, कडेने टाके घातले.
नळी बोटभर वर घेतली.
गुडघा पुरता सरळ होऊ नये,
पुरता दुमडूही नये,
एवढीच विद्या माझी.

ती बसली. एकदा हलून पाहिलं.
उशीर झाला म्हणत शिवी हासडली, मला की घड्याळाला कोण जाणे,
आणि पट्टीत शिरली.
मागचा लाल दिवा उजेडातही तसाच चालू.
बंद करायला विसरते रोज.