विसाविसांनी

झेस्टाफोनीत भट्टी पेटली
की त्सिउरीच्या स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मान टाकतो.
चाळीस वर्षं ती एवढ्यावरून सांगत आलीय,
आज माल ओला आहे,
आज ओतारच्या जागी कुणी नवखा उभा आहे.
ओतार गेला, तरी सांगते.

मला मात्र आकडा हवा होता.
परदेशी वेटोळं मार्चमध्ये जळलं.
नव्याला दोन हजार लारी.
शाल्वानं कागद पालथा घातला,
म्हणाला, अंदाजानं चालवा, पूर्वी चालतच होतं.

म्हणून टेबलावर टीव्हीची जुनी केबल.
काळं साल सोललं, जाळी उतरवली,
उरला पांढरा गुळगुळीत दांडा
आणि त्याच्या पोटातून गेलेली तांब्याची एक तार.
ती परतीची वाट.
वरून वळसे घेत गेलेली तार टोकाला पोचली
की आतून सरळ घरी येते.
नाही आली, तर वेटोळं गावभरचं ऐकत बसतं,
क्रेनचं, वेल्डिंगचं, कुणाचंही.

शिवणयंत्राच्या चाकाला दांडा जोडला.
केसाएवढी तार त्सिउरीच्या चिमटीतून सरकू लागली,
एकीला एक लागून, अंगावर अंग न टाकता.
मोटारी भरण्यात हिचं आयुष्य गेलंय,
पण यात लोखंड नाही म्हटल्यावर ती थांबली.
"मग धरणार कशानं?"
धरायचं नाहीच, मावशी.
लोखंडाचं पोट भरतं. हवेचं भरत नाही,
शंभर अँपिअर आले काय, साठ हजार आले काय.

ती मोठ्यानं मोजते.
आमच्या भाषेत पन्नास नाहीत, दोन विसा दहा आहेत,
नव्वद म्हणजे चार विसा दहा.
शंभराला एक श्वास, मग पुन्हा विसापासून.

आठशेच्या पुढं कुठंतरी
शेजारीण मीठ मागायला आली.
"फळीवर आहे, घे,"
एवढंच बोलली.

संध्याकाळी जाड तारेभोवती वेटोळं गुंडाळलं, आकडा आला.
वेटोळं जरा फिरवलं, आकडा हलला.
एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी.
सगळीकडं सारखं भरलं असतं
तर कसंही धरलं तरी तेच बोललं असतं.

मी कात्री शोधत होते.
तिनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं,
मोतीबिंदूचे डोळे मिटले (उघडे ठेवून तरी काय),
आणि अंगठा फिरवत नेला, सावकाश,
तांदळात खडा शोधावा तसा.
"इथं."
तीन वळसे विरळ, पुढं घाईची दाटी.
मिठाची जागा.
तिथवर उलगडलं. पुन्हा विसापासून.

वरून घालायला द्राक्षांची दारू उपसायची नळी,
धुतली तरी वास गेला नाही.
टोकं जवळ आणायची, अगदी जवळ,
त्या फटीतच खोटेपणा शिरतो.
एकूण खर्च सव्वीस लारी, नळी उसनी.

"प्रवाह एकसारखा वाहिला तर काय सांगतं?"
काही नाही. गप्प.
बदल झाला तरच बोलतं.
"ओतारच तो," ती म्हणाली.
भट्टीतला प्रवाह सेकंदात पन्नासदा जातो-येतो, मावशी,
हे बोलतच राहील.
"मग ओतार नाही."

वाझानं ते भट्टीच्या पट्टीभोवती
म्हाताऱ्याचा कमरपट्टा बांधावा तसं बांधलं,
कुठंही न टेकवता.
मी पडद्यासमोर, फोन कानाला.
इलेक्ट्रोड खाली आला.
पडद्यावर एक्केचाळीस हजार दोनशे,
आणि कानात, स्वयंपाकघरातून,
"आत्ता."

वहीत दोन रकाने आखले,
एकात वेटोळं, एकात तिचा दिवा.
अर्ध्या सेकंदाचा फरक येतो.
तो फोनचा असावा.