बोलणाऱ्या मुली

ऑफ तासाला जी बोलेल
तिचं नाव फळ्यावर लिहायचं.
मॉनिटरचं काम एवढंच.
मीही केलंय ते, याच शाळेत,
चोख. मैत्रिणी गेल्या.

आठवी ब ची हर्षला डिंबळे.
मी वर्गात आले तर फळा गच्च भरलेला,
नाव एकही नाही.
दुसऱ्या मजल्यावर संडासाला कडी नाही.
मैत्रिणीनं बाहेरून दार धरावं लागतं.
जिची कुणाशीच गट्टी नाही
ती दिवसभर पाणी पीत नाही.

"बाई, त्या हे बोलत होत्या."

डस्टर माझ्या हातात होतं.
फळा पुसला नाही,
माझं कर्तृत्व तेवढंच.

शनिवारी शाळा सुटल्यावर चौघी बोहरी आळीत गेल्या,
घासाघीस करून कडी आणली,
वर चार स्क्रू फुकट.
हर्षलानं पेचकस रुबिनाच्या हातात दिला.
"तुझे अब्बा सुतार ना? तू लाव, मी दार धरते."
पहिला स्क्रू तिरका गेला.
कुणी हसलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत
वरून कडी सरकल्याचा आवाज,
आणि खाली
पाण्याच्या नळाला
ही रांग.