अकरा दिवसांचा वारा

पुन्ता अरेनासला फार सुटलं की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
तसाच एक धरून मी चढावर गेले,
खिशात स्क्रूड्रायव्हर, काखेत पाव.
माझं दुकान खरं तर किल्ल्यांचं.
पण कुलूप उघडणारीला कॉम्प्युटरही उघडता येणारच
असं आमच्या गल्लीने परस्पर ठरवून टाकलंय.

एवारिस्तो कुसानोविच दारातच म्हणाले,
"वारा लागत नाहीये."

छपरावर त्यांचं चार वाट्यांचं चक्र,
तिथून खाली वायर, वायरीतून आकडा,
दर दहा मिनिटांनी एक, चौदा वर्षं.
प्रोग्राम भाच्याने लिहिलेला.
भाचा आता उत्तरेला, खाणीत, फोन उचलत नाही.
प्रोग्रामला एवढंच ठाऊक:
येईल तो वारा डी-मध्ये टाकायचा.
नाही टाकता आला तर काय,
हे भाच्याने लिहिलंच नव्हतं.

अकरा दिवसांपूर्वी म्हाताऱ्याने
धूळ काढायला डबा उघडला,
वायरी पुसल्या, परत खोचल्या
हाताला येतील तशा.
आता डी म्हणजे डीव्हीडीचा कप्पा.
जुनी डिस्क गुपचूप ई झालेली,
सगळा ऐवज पोटात घेऊन,
बाक बदललेल्या मुलीसारखी.
अकरा दिवस प्रोग्राम वारा नेऊन
त्या रिकाम्या ताटलीत वाढत होता.

"म्हणजे गेलं सगळं?"
नाही हो. चौदा वर्षं जागच्या जागी आहेत.
हाक तेवढी चुकतेय.
अक्षर म्हणे, म्हणजे ज्याला क्षर नाही.
हे तर नुसती वायर हलली तरी हलतं.

अदलाबदल सरळ होत नाही.
ई-ला डी म्हणावं, तर डी आधीच बसलेला.
मी टेबलावरचे दोन पेले दाखवले,
एकात माते-चहा, एकात दूध.
तिसरा पेला लागेल, म्हटलं,
तर सुनिल्दाने खरंच आणून ठेवला.
आमचा तिसरा पेला झेड.
ओळीच्या पार टोकाची खोली, तिथे कोणी उतरत नाही.
डीव्हीडीला तिकडे धाडायला गेले
तर पडद्यावर पिवळा त्रिकोण:
या अक्षरावर विसंबलेले काही प्रोग्राम
कदाचित चालणार नाहीत. पुढे जायचं?
एवारिस्तोंनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"हे तेव्हा का नाही विचारलं मेल्याने?"

होय दाबलं.
मग ई-ला डी.
एक फाइल जागची हलली नाही.
दहा मिनिटं आम्ही गप्प, शेगडीवर पाव भाजत,
आणि मग आला:
ताशी एक्क्याण्णव किलोमीटर.
बसला आपल्या ओळीत.
त्याच्यावर अकरा दिवस कोरे.

"भरता येतील?" माझ्याकडे न बघता.
किल्ली पाडायला निदान कुलूप तरी समोर लागतं, मी म्हटलं.

तेव्हा सुनिल्दा हात पुसत बोलू लागली.
"मंगळवारी चादर सोतोमायोरांच्या कुंपणावर.
बुधवारी तीच चादर, पण पलीकडच्या अंगाने.
गुरुवारी कोंबड्यांनी बाहेर पाय टाकला नाही.
शनिवारी दोर धरला, दोन्ही हातांनी,
लिंबं गेली सामुद्रधुनीत."
"हे मोजमाप नाही," ते म्हणाले,
पण कीबोर्ड जवळ ओढला.
शेरा लिहायच्या रकान्यात, एका बोटाने:
चादर.
चादर, उलट दिशा.
कोंबड्या.
लिंबं.

"आणि रविवारी काहीच नाही," ती म्हणाली.
"मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं."
बोट थांबलं.
"इथे? शक्य नाही."
"आलं ऐकू."
"चौदा वर्षांत एकही दिवस शून्य नाहीये, सुनिल्दा."
"चालू कुठे होतं तुझं?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.
जाता जाता डीव्हीडीचा कप्पा उघडून पाहिला,
उगाच.
धूळ होती. तीही फारशी नाही.