या खेपेला

बाटाच्या खोक्यात बाबांचे शब्द आहेत.
सातवीच्या पोरांनी कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका
पोस्टकार्डाएवढ्या कापून
एकेकीवर एकेक शब्द, आणि खाली
तो कुणी, कुठे, कशापायी वापरला ते.
‘सफारी’चा गठ्ठा सगळ्यात जाड.
त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर.

खाकी टोपी, दुर्बीण, उघड्या टपाची गाडी,
सिंह कुठल्या बाजूला, हो?
हा अर्थ बाबांनी शेवटी टाकलाय, नववा.
पुढे एकच शब्द : पाहुण्यांचा.

पहिला अर्थ, घरून निघणं.
बहिणीच्या बाळंतपणाला न्झेगाला निघालेली बाई
सफारीत असते.
तिच्या मांडीवरची, पाय बांधलेली कोंबडी?
तिथे बाबांनी प्रश्नचिन्ह काढलंय.

दुसरा अर्थ पणजोबांचा.
खांद्यावर हस्तिदंत, टाबोरा ते बागामोयो,
मोजायचे ते मुक्काम.
मैल त्यांना ठाऊक नव्हता. खांदा ठाऊक होता.
कडेला पेन्सिलीनं, बारीक :
‘प्रवासी आणि ओझं, भाषेत शब्द दोन.
रस्त्यावर तपासून पाहणे.’

समानार्थी शब्दांच्या बाबतीत बाबा कंजूष.
भेटीला जाणं वेगळं, पाय मोकळे करणं वेगळं,
आणि परतायची वेळ सांगून जो निघतो
त्याला हा शब्द देऊ नये, म्हणायचे.

चौथा अर्थ माझ्या आवडीचा.
या सफारीला मका बरा आलाय.
या सफारीला पोरगी पास होणार.
कुणी कुठे गेलेलं नसतं,
नुसती खेप मोजलेली असते.

मे महिन्यात त्यांना दार-एस-सलामच्या इस्पितळात नेलं.
सिंगिडापर्यंत बाबा कार्डांवर लिहीत होते,
पुढे अक्षर हलायला लागलं.
मोरोगोरोच्या दिव्यांपाशी विचारलं,
स्कोला, जाणं-येणं मिळून एक धरायची, की दोन?
मी म्हटलं, तिकिटं तर दोन आहेत, बाबा.
त्यांनी तेही लिहून घेतलं, माझ्या नावासकट :
स्कोलास्टिका कपिलिमा, बसमध्ये.

अकरा दिवसांनी स्टँडच्या खिडकीत
कारकुनानं पावतीपुस्तक उघडलं.
पेटी सहा फुटी. काय लिहू, सामान?
मागे रांग. एकानं टायर आणला होता वजनाला.
मी उगीचच स्वतःचा खांदा चाचपला.
परतीचं तिकीट आहे त्यांचं, म्हटलं.
आसन चौदा, खिडकीकडचं.

त्यानं ते उलटसुलट पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पंच केलं.

पेटी गाडीच्या पोटात गेली.
चौदा नंबर रिकामाच आला.
दोडोमाला एक म्हातारी तिथे टेकायला गेली,
क्लीनर म्हणाला, माणूस आहे त्याचा.

आज ते कार्ड काढलं. ‘एक की दोन?’
खाली जागा आहे, दोन ओळींपुरती.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
गठ्ठा बांधायला गेले तर रबर तुटलं,
या खेपेला सुतळी लावली.